तुकडे माझे, अर्थ तुझा

पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत तिच्यासमोर 'रिससिटेशन' असं छापलेलं कार्ड धरलं आणि वाचायला सांगितलं. तिने कार्डाकडे बराच वेळ पाहिलं आणि मग अत्यंत नम्रपणे उत्तर दिलं, "हो."

दुसऱ्या वर्षी कार्डावर 'स्फिग्मोमनॉमिटर' होतं. तिने जोरात सुरुवात केली आणि 'स्फि'पाशी अडकली. परीक्षकांचा चहा आला, पिऊन झाला, कपबशा परत गेल्या, तरी ती 'स्फि'वरच होती. शेवटी मेट्रनबाईंनी विचारलं, "बाई, पंक्चर काढायला कुणाला बोलावू का?"

आता तिसरं वर्ष होतं. चौथं नव्हतं. तीनदा नापास झालेल्या उमेदवाराने पुन्हा अर्ज करू नये, असा रुग्णालयाचा नियमच होता.

ती रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्यात कामाला होती. अकरा वर्षं. वरून जिन्याशेजारच्या नळकांड्यातून चादरींची गाठोडी धप्पकन खाली पडायची, ती सोडायची, भिजवायची, उकळायची, पिळायची आणि घड्या घालून परत वर पाठवायची. सगळ्यात जास्त गाठोडी ऑपरेशन थिएटरची. त्या खोलीत काय झालं असेल ते तिला चादरींवरून कळायचं. कुठली शस्त्रक्रिया लांबली, कुणाचा हात घाबरला, कुठे वेळेवर चिमटा लागला. पण ती खोली तिने कधी पाहिली नव्हती. एखाद्या माणसाची अकरा वर्षं पत्रं यावीत आणि तोंड म्हणून दिसू नये, तसं झालं होतं. तिला थिएटरमध्ये मदतनीस व्हायचं होतं. कामाला ती वाघीण होती, अवजारंही तिला चित्रांवरून सगळी ओळखू यायची. पण थिएटरमध्ये वस्तू इंग्रजी नावाने मागतात आणि मदतनिसाने ते नाव मोठ्याने परत म्हणून वस्तू हातात द्यायची असते. म्हणून लेखी परीक्षेत नावं लिहायची आणि तोंडी परीक्षेत म्हणायची. अंगठ्यापेक्षा लांब इंग्रजी शब्द दिसला की मात्र तिची दातखीळ बसायची.

परीक्षेच्या शब्दांची यादी तिने स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर चिकटवली होती. एका सकाळी ती उठून बघते तर यादीतल्या प्रत्येक शब्दात पेन्सिलने उभ्या रेघा मारलेल्या. 'स्टेरिलायझेशन'मध्ये चार, 'फॉरसेप्स'मध्ये एक, 'गॉझ'मध्ये एकही नाही.

घरात माणसं तीन. नवरा रेघा मारणाऱ्यांतला नव्हता, तो रेघेवर चालणाऱ्यांतला होता, बस चालवायचा. उरले सासरे.

"मामंजी, या रेघा तुम्ही मारल्यात?"

"हो."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"छे! अजिबात नाही."

"मग या रेघा कसल्या?"

"तुटतात तिथे मारल्या," मामंजी म्हणाले आणि दाढी करायला निघून गेले.

मामंजी छापखान्यात चाळीस वर्षं जुळारी होते. म्हणजे शिशाची एकेक उलटी अक्षरं, ज्यांना ते खिळे म्हणत, चिमटीने उचलून ओळीत जुळवत होते. मराठी, हिंदी, इंग्रजी, समोर येईल ते. चाळीस वर्षं उलटं वाचल्यामुळे ते अजूनही वर्तमानपत्र उलटं धरूनच वाचायचे. सुलटं दिलं तर म्हणायचे, "आज बारीक छापलंय." इंग्रजी पुस्तकात ओळ संपली आणि शब्द उरला, तर तो तोडून उरलेला तुकडा खालच्या ओळीत न्यावा लागे. तो कुठे तोडायचा, एवढंच त्यांना इंग्रजी येत होतं. पण तेवढं मात्र त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

"मालक फार कडक होता," ते संध्याकाळी सांगू लागले. "मी नवा असताना एकदा 'थ्रू' मधोमध तोडला. त्याचा तुकडाच होत नाही म्हणे. एक तुकडा डाव्या हातात, एक उजव्या हातात देऊन मला दुपारपर्यंत दारात उभा केला. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारायचं, काय झालं? मालक सांगायचा, यांनी शब्द मारला."

"मग?"

"मग काय! पुन्हा एकही मारला नाही. हे बघ सूनबाई, अर्थ मला कळत नाही, तो तुला कळतो. तुकडे माझे, अर्थ तुझा. करायची भागीदारी?"

भागीदारी झाली. पण उच्चाराचं काय, हा प्रश्न राहिलाच. मामंजींना शब्द कुठे तुटतो ते कळायचं, वाजतो कसा ते नाही. 'शन'ला ते 'टिऑन' म्हणायचे. त्यावर तिने उपाय काढला. धुलाईखान्याचं दार लिफ्टसमोर होतं आणि डॉक्टर लिफ्टची वाट बघताना मोठमोठ्याने बोलत. ती कपड्यांची गाडी लिफ्टपाशी नेऊन उभी करायची आणि कानात प्राण आणून ऐकायची. एखादा शब्द सापडला की घरी पोहोचेपर्यंत तो पुटपुटत राहायची, मध्ये दुसरं काही बोलायचीच नाही. एकदा रस्त्यात शेजारणीने विचारलं, "काय, बरं चाललंय ना?" ही म्हणाली, "रीट्रॅक्टर." शेजारीण दोन दिवस काळजीत होती.

घरी आलं की शब्द मामंजींच्या पुढ्यात ठेवायचा. ते कापायचे, ती वाजवायची. खरोखरच वाजवायची. नुसत्या तोंडाने तिची जीभ पुढे सरकत नव्हती, म्हणून मामंजींनी एक वाटी पालथी घातली आणि हातात चमचा दिला. "एक तुकडा, एक टोला. थर. मॉ. मि. टर. चार टोले. संपला शब्द, घाबरायचं काय त्यात?"

नियमही होते आणि ते मामंजींचे स्वतःचे होते. प्रत्येक तुकड्यात एक तरी स्वर पाहिजे. स्वर नसलेला तुकडा म्हणजे चाक नसलेली हातगाडी, जागची हलत नाही. दोन सारखी व्यंजनं शेजारी आली की मधून काप. भावाभावांची वाटणी, एक याला, एक त्याला, म्हणजे भांडण नाही. 'शन' ही शेपूट, ती कधी मधून तोडायची नाही. एकटं अक्षर ओळीच्या टोकाला ठेवायचं नाही.

"का?"

"बरं दिसत नाही. रात्रभर एकटं राहतं बिचारं, पान उलटेपर्यंत."

आणि शंका आली की हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा हाताला लागेल तितके तुकडे. त्यामुळे त्या दोन महिन्यांत घरात कधीही बघावं तर दोन माणसं हनुवटीखाली हात धरून बसलेली असायची. घरात कुणीतरी गेलं असावं असं पाहुण्यांना वाटायचं आणि ते चपला न काढताच परत जायचे.

"अगं, जेवायला वाढणार आहेस की तेही तुकड्यातुकड्याने?" नवरा विचारायचा.

"बसा. भात. को-शिं-बीर. ता-क."

"ताकाचे दोन तुकडे होत नाहीत," मामंजी आतून ओरडायचे. "एकच टोला!"

लेखी परीक्षा तिने पायाने दिली. म्हणजे लिहिलं हातानेच, पण टोले बुटाच्या टाचेने फरशीवर मारले. देखरेखीला बसलेल्या बाईंनी दोनदा टेबलाखाली उंदीर शोधला. तीस शब्दांपैकी सत्तावीस बरोबर आले. सत्तावीस! शाळेत तिला इंग्रजीत सत्तावीस मिळायचे ते शंभरापैकी. निकाल घेऊन ती घरी आली आणि मामंजींच्या पाया पडायला वाकली, तर ते पाय मागे घेत म्हणाले, "थांब. अजून ओळ पुरी झालेली नाही."

तोंडी परीक्षा प्रशासनाच्या इमारतीत होती. ही इमारत आवाराच्या कडेला, वेगळी. तिथे रुग्ण नसत, फक्त फायली असत. मामंजी तिच्याबरोबर आले आणि अंगणातल्या बाकावर बसले. वर मोठ्या साहेबांच्या खोलीची खिडकी उघडी होती.

ती आत गेली आणि पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती गालिचा. जाड, हिरवा गालिचा. टाच आपटली तरी आवाज शून्य. 

टेबलामागे तिघं होते. मधोमध मोठे साहेब, ज्यांनी रुग्णालयातल्या बहुतेक गोष्टींचे नियम केले होते आणि उरलेल्यांचे करत होते. डावीकडे मेट्रनबाई. उजवीकडे सर्जनबाई, ज्यांच्या चादरी ती अकरा वर्षं धूत होती. त्यांचा हात घाबरत नाही, हे तिला चादरींवरून माहीत होतं.

"हात टेबलावर ठेवा," मेट्रनबाई म्हणाल्या. "मागच्या उमेदवाराने तळहातावर लिहून आणलं होतं."

तिने हात ठेवले. कार्ड पुढे आलं. 'फॉरसेप्स'. तिने बोटाने टेबलावर टोला मारून बघितला. टेबलावर मखमलीसारखं जाड कापड. आवाज नाही. तोंड उघडलं. आवाज नाही.  मेट्रनबाईंनी चष्मा सारखा केला आणि मागच्या वर्षीचीच नजर तिच्याकडे लावली.

तिची बोटं आपोआप सरकत होती, काहीतरी कडक शोधत. आणि ती एका गार, गोल, पितळी वस्तूला लागली.

टिंग. "फॉर." टिंग. "सेप्स."

ती साहेबांची घंटी होती. तिला साहेबांखेरीज आजवर कुणी हात लावला नव्हता.

साहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दार उघडून कारकून रजिस्टर घेऊन आत आला.

इथे त्या घंटीविषयी सांगायला हवं. साहेबांनी तिचाही नियम केला होता आणि तो बाहेर शिपायाच्या स्टुलामागे पाटीवर रंगवला होता. एक टोला, शिपाई. दोन, कारकून रजिस्टरसह. तीन, चहा. चार, गाडी. पाच, इलेक्ट्रिशियन शिडीसह. सहा कधी वाजलेच नव्हते.

"सर, रजिस्टर," कारकून म्हणाला.

"तुम्हाला कुणी–" साहेब म्हणू लागले, पण मेट्रनबाई हळूच म्हणाल्या, "सर, नियम सात. उमेदवार बोलू लागल्यावर दहा शब्द पुरे होईपर्यंत मध्ये अडवू नये. आपणच केलाय, एका उमेदवाराच्या तक्रारीनंतर."

साहेब स्वतःचा नियम मोडणाऱ्यांतले नव्हते. ते गप्प बसले. सर्जनबाईंनी दुसरं कार्ड धरलं.

टिंग, टिंग, टिंग. "री-ट्रॅक-टर." चहा आला.

टिंग. "गॉझ." शिपाई आला.

टिंग, टिंग, टिंग, टिंग. "थर-मॉ-मि-टर." खाली अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

टिंग, टिंग, टिंग. "कॅ-थे-टर." परत चहा.

तिला यातलं काही दिसत नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले होते. कार्डापुरते उघडायची आणि पुन्हा मिटायची. डोळ्यांसमोर ओट्यावरची पालथी वाटी होती आणि शेजारी हनुवटीखाली हात धरलेले मामंजी. जीभ कशी तेल दिल्यासारखी चालत होती. 'स्टेरिलायझेशन'ला इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन आला, खोलीत नजर फिरवून मधोमध शिडी लावून चढला आणि चांगला जळणारा दिवा काढू लागला. त्याला कुणी काही बोललं नाही, नियम सात चालू होता. नवव्या कार्डापर्यंत टेबलावर चहाचे बारा कप होते आणि कारकुनाने तिसरं रजिस्टर आणलं होतं.

दहावं कार्ड. तिने डोळे उघडले. 'स्फिग्मोमनॉमिटर'.

मेट्रनबाई पुढे वाकल्या. तिने डोळे मिटले.

टिंग. "स्फिग." टिंग. "मो." टिंग. "म." टिंग. "नॉ." टिंग. "मि." टिंग. "टर."

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. शिपायाने पाटीकडे वळून बघितलं असावं. मग त्याचा आवाज अख्ख्या मजल्यावर घुमला, "सहा! सहा टोले! इमारत रिकामी करा!"

सगळ्यांत आधी साहेब उठले. नियम त्यांचा होता. त्यांच्यामागे मेट्रनबाई, कारकून, शिडीवरून उतरलेला इलेक्ट्रिशियन हातात दिवा घेऊन, आणि चहावाला ट्रे सावरत. पाच मिनिटांत सगळी इमारत अंगणात उभी होती. सरावाच्या दिवशी, शिट्टी वाजवून, यालाच पंचवीस मिनिटं लागली होती आणि दोन जण झोपलेले सापडले होते. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि त्यांना रागावावं की खूश व्हावं ते कळेना.

"आग कुठेय?" कुणीतरी विचारलं.

"आग नाही, परीक्षा आहे," मेट्रनबाई म्हणाल्या.

ती गर्दीत मान खाली घालून उभी होती. आपण काय केलं ते आता तिला हळूहळू उमगत होतं.

"दहाच्या दहा बरोबर," सर्जनबाई कागद बघत म्हणाल्या. मग त्यांनी कागदाची घडी घातली. "पण मला एक सांगा. थिएटरमध्ये घंटी नाहीये. टेबलावर माणूस आहे, त्याचं पोट उघडं आहे आणि मी वस्तू मागितली. तुम्ही काय करणार? वाजवायला काहीतरी शोधत बसणार?"

 प्रश्न बरोबर होता. तिने स्वतःला तो दोन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.

"दहा शब्द झाले. आता नियम सात नाही," सर्जनबाई म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, पण चादरींवरून कळायचा त्या हातासारखाच ठाम होता. "शेवटचा शब्द पुन्हा म्हणा. हात मोकळे. इथेच. आला तर तुम्ही माझ्याकडे. नाही आला तर धुलाईखाना, आणि मग मी काही करू शकणार नाही."

तिने हात बाजूला सोडले. मोकळे हात फार जड असतात. 'स्फि' घशाशी आलं आणि तिथेच बसलं. मागच्या वर्षीच्या जागी, मागच्या वर्षीसारखं.

तिने नजर वर केली. अख्खं अंगण उभं होतं आणि एकच माणूस बसलेला होता. बाकावर, मामंजी. ओरडाआरडा, गर्दी, इलेक्ट्रिशियनची शिडी, कशाकडेच त्यांचं लक्ष नव्हतं. खिडकीतून आलेला प्रत्येक टोला ते मोजत बसले होते. दोन, तीन, एक, चार. कुठला शब्द चाललाय ते त्यांना खाली बसून कळत होतं. यादी त्यांना पाठ होती. शेवटचे सहा ऐकल्यापासून ते डोळे मिटून, हनुवटीखाली हात धरून तो शब्द मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. गोड खाल्ल्यावर माणूस जिभेवर चव घोळवतो, तसं. हनुवटी सावकाश खाली यायची, हाताला लागायची, वर जायची. सहा वेळा. मग समाधानाचा एक श्वास. मग परत.

ती बघत राहिली. आवाज कसलाच नव्हता, तरी तिला तो ऐकू येत होता.

"स्फिग्मोमनॉमिटर," ती म्हणाली.

एका दमात. कुठेही न तुटता. स्वतःच दचकली. मग पुन्हा म्हटला, कारण आता तो थांबतच नव्हता. "स्फिग्मोमनॉमिटर. रक्तदाब मोजायचं यंत्र, बाई. डावं कपाट, वरून दुसरा खण, असं त्याच्या चिठ्ठीवर होतं. पट्टा थोडा उसवलेला, शिवायला खाली आला होता, मीच शिवून पाठवला."

सर्जनबाईंनी मेट्रनबाईंकडे बघितलं. मेट्रनबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "पंक्चर निघालं म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि सही केली.

मोठे साहेब म्हणाले, "ही सहा टोल्यांची व्यवस्था उत्तम चालते, हे आज सिद्ध झालं," आणि सगळ्यांना आत पाठवलं. गाडीवाला मात्र अजून दार उघडून उभा होता. कुणाला न्यायचंय ते त्याला कुणी सांगेना.

ती बाकापाशी गेली. मामंजींनी डोळे उघडले.

"शेवटचे सहा होते ना?"

"सहाच."

"मला वाटलंच." ते काठी टेकत उठले. "पण मध्ये तो पाच टोल्यांचा जरा घाईत गेला. 'लाय'ला दम द्यायचा होता."

तिला खूप काही बोलायचं होतं. पण घरात कधी कुणी कुणाचे आभार मानले नव्हते, त्याचे शब्दच जिभेवर नव्हते, आणि ते कुठे तोडायचे तेही ठाऊक नव्हतं. तिने वाकून पायांना हात लावला. या वेळी मामंजींनी पाय मागे घेतले नाहीत.

"झाली ओळ पुरी," ते म्हणाले.

चालता चालता, फाटकापाशी, त्यांनी अगदी सहज विचारलं, "सूनबाई, त्या सहा तुकड्यांचा अर्थ काय गं?"

"रक्तदाब मोजायचं यंत्र."

"एवढंच?" मामंजी थांबले. "अगं, एका डॉक्टरांच्या पुस्तकात मी तो शब्द नाही म्हटलं तरी वीस वेळा तोडलाय. मला वाटायचं कुठल्यातरी राजाचं नाव असेल."

थिएटरमधला पहिला दिवस संपवून ती घरी आली तेव्हा मामंजी आणि नवरा दोघंही दारातच बसले होते. हनुवटीखाली हात न धरता, म्हणजे काळजीत.

"कशी आहे खोली?" मामंजींनी विचारलं.

तिने जरा विचार केला. अकरा वर्षांनी बघितलेली खोली होती, काहीतरी मोठं सांगायला हवं होतं.

"गार आहे," ती म्हणाली. "आणि चादरी अगदी स्वच्छ आहेत, मामंजी."

जेवणं झाल्यावर मामंजींनी ट्रंकेतून एक वही काढली. छापखान्यातली जुनी, कडा काळ्या पडलेली. आत ओळीने इंग्रजी शब्द, प्रत्येकात उभ्या रेघा. चाळीस वर्षांत जे तोडताना बरे वाटले ते त्यांनी उतरवून ठेवले होते. शेजारचा रकाना कोरा होता. सगळ्या पानांवर कोरा.

"थिएटरमध्ये एवढे डॉक्टर असतात," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "कधी वेळ मिळाला तर. घाई नाही."

तिने पहिला शब्द वाचला. "कन-व्ह-ले-सन्स." टोला न मारता, पण तुकड्यांनी, त्यांना तसाच आवडायचा. दुसऱ्या दिवशी सर्जनबाई हात धूत असताना तिने विचारून घेतलं, आणि संध्याकाळी ओट्यावरची पेन्सिल घेऊन त्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: आजारातून उठल्यावर हळूहळू बरं होणं.

मामंजींनी वही उलटी धरून ते वाचलं. दोनदा वाचलं.

"हे बरंय," ते म्हणाले. "मी चुकून कुठलंतरी गाव समजत होतो."